लायलचा थंड बोळा

मलांडाच्या पठारावर गाय माजावर आली की बैल शोधत कुणी जात नसे, लायल ब्रॅनकला फोन करीत. तासाभरात त्याची चिखलाने माखलेली गाडी फाटकात हजर. मागे द्रवरूप नायट्रोजनची टाकी, टाकीत बैलाचं गोठवलेलं वीर्य. झाकण उघडलं की पांढरी वाफ भसाभस बाहेर यायची आणि नव्या गाई बिचकायच्या.

तीस वर्षं त्याने हेच केलं. लग्न केलं नाही. "दिवसभर दुसऱ्यांची लग्नं लावतो, स्वतःचं कधी लावू?" असं म्हणायचा. या विनोदाला मी पहिल्यांदा हसले होते. पुढची तीस वर्षं तो तेच ऐकवत राहिला.

माणूस मात्र डोळ्याचा पक्का. आमच्या काळ्या-पांढऱ्या गाईंची नोंदणी करायची तर वासराच्या अंगावरचे चट्टे कागदावर जसेच्या तसे काढून पाठवावे लागत. मला ते कधी जमलं नाही. माझं वासरू कागदावर उतरलं की शाई सांडल्यासारखं दिसे. लायल वासराकडे एकदा बघे, पेन्सिल ओली करून चट्ट्याची कड काढत जाई, खाचाखोचा, टोकं, सगळं. सगळ्या पठाराची वासरं त्यानेच काढली.

गाईचं काम आटोपून, कोपरापर्यंत हात घासून तो स्वयंपाकघरात चहाला बसला की त्याचं दुसरं काम सुरू व्हायचं. कुणीतरी बाही वर करायचं. मनगटावर, नाहीतर कानाच्या पाळीवर उन्हाने उठलेली खरखरीत खपली असायची. लायल टाकीतून मगभर नायट्रोजन काढी, काडीला कापसाचा बोळा गुंडाळून त्यात बुडवी आणि खपलीवर टेकवी. दहापर्यंत मोजायचं. जागा पांढरी पडे, फोड येई, पंधरा दिवसांत नवी कातडी. डॉक्टरही असंच गोठवून जाळतात, पण त्यांच्याकडे जायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, आणि गाईंना काही रविवार नसतो. म्हणून घरोघरी हाच रिवाज. लायल पैसे घेत नसे. भट्टीतून काढलेला गरम स्कोन-पाव आणि वर मलई मिळाली की स्वारी खूश.

शिवाय आम्हाला वाटे, ऊन लागतं ते खाली समुद्रकाठी केर्न्सच्या वाळूत लोळणाऱ्यांना. आमचं पठार उंच, निम्मं वर्ष धुकं नि भुरभुर. थंडगार वाऱ्यात माझा नवरा डेस उघड्या पाठीने कुंपणं ठोकायचा. वारा गार असला म्हणून ऊन काही माघारी जात नाही, हे कळायला आम्हाला फार उशीर झाला.

त्या वर्षी ऑगस्टात मला डेसच्या पाठीवर, डाव्या खांद्याच्या खाली, एक डाग डोळ्यांत भरला. होता तो बरेच दिवस, पण वाढला होता. लायल आला तेव्हा मी डेसचा शर्ट वर केला आणि म्हटलं, "हा पण उडव रे."

लायल वाकला. चष्मा लावला. खिडकीकडे वळवून पुन्हा बघितलं. मग बोळा मगात टाकून दिला.

"हा नाही."

"का? सोनं लागलंय का त्याला?" मी म्हणाले.

"नोरीन, मी खपल्या जाळतो. ही खपली नाही. काळा आहे, आणि नुसता काळा पण नाही. इकडे तांबूस, इकडे निळसर. एक बाजू दुसरीशी जुळत नाही. डेसच्या पाठीवर चाळीस तीळ असतील, सगळे सख्खे भाऊ दिसतात. हा कुठल्या घरचा आहे ते कळत नाही."

डेस हसला. "गाईच्या मागे हात घालणारा माणूस तू, डॉक्टर कधी झालास?"

"झालो नाही म्हणूनच सांगतो. डॉक्टरकडे जा."

"शिंगं फुटली याला," डेस मला म्हणाला.

लायलने ते मनावर घेतलं नाही. खिशातून वासराच्या नोंदणीचा एक कोरा कागद काढला, उलटा केला आणि डेसला "हलू नकोस" म्हणून त्याच्या पाठीवरचा डाग काढला. कड कुठे आत गेली आहे, कुठे जीभ बाहेर आली आहे, कुठला भाग गडद. खाली तारीख घातली. "सोमवारी जा," म्हणाला, "पुढच्या नाही, याच."

सोमवारी एक गाय अडली. पुढच्या सोमवारी धार काढायचं यंत्र बंद पडलं. कारणांना काय तोटा! त्यातच एका सकाळी डेसचा शर्ट धुवायला घेतला तर पाठीवर रक्ताचा ठिपका, चण्याएवढा. मी शर्ट डेसपुढे धरला. तो म्हणाला, "खाजत होतं, खाजवलं."

आता लोक म्हणतात, भीती वाटली की माणूस डॉक्टरकडे धावतो. डोंबल! मला भीती वाटली तेव्हा तो डाग डोळ्यांपुढून नाहीसा व्हावा एवढंच वाटलं.

त्या आठवड्यात लायल आला. तीन गाई होत्या, त्याला वेळ लागणार हे मला माहीत होतं. तो गोठ्यात गेला आणि मी रिकामा मग घेऊन त्याच्या गाडीपाशी गेले, टाकीतून भरून आणला. तीस वर्षं बघत आले होते, काडीला कापूस गुंडाळायला काय अक्कल लागते? डेस स्टुलावर पाठ करून बसला. म्हणाला, "कर पटकन, तो यायच्या आत." मी बोळा टेकवला. दहापर्यंत मोजायचं, मी तीसपर्यंत मोजलं. पुन्हा बुडवला, पुन्हा तीस.

लायल आत आला तेव्हा डेस शर्टाची बटणं लावत होता. नायट्रोजनचा मग टेबलावरच होता, वाफ निघत होती. लायलने मगाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. चहा घेतला नाही. मी हाक मारली, "अरे, स्कोन गरम आहेत," तर नुसता हात हलवून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धारा आटोपतात तोच तो दारात. धुतलेला शर्ट, केस विंचरलेले. डेसला म्हणाला, "गाडीत बस." डेसने तोंड उघडलं तसा म्हणाला, "बस म्हटलं ना." त्या आवाजात लायलला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. आम्ही दोघंही जाऊन बसलो.

डॉक्टर पर्डी तेव्हा नवीन होती, तिशीची पोर. पाठीवरचा फोड बघून तिचा चेहरा लालबुंद झाला. "कुणी केलं हे?"

मी बोलणार होते. देवाशपथ, तोंड उघडलं होतं.

"मी," लायल म्हणाला, आणि खिशातून तो कागद काढून तिच्यापुढे ठेवला. "जाळायच्या आधी असा होता. तीन आठवड्यांपूर्वी."

बाई कागद किती वेळ बघत राहिली. मग आणखी एकही प्रश्न न विचारता तिने त्याच दिवशी डाग मुळापासून, आजूबाजूच्या चांगल्या कातडीसकट कापला. आठवड्याने लायलच आम्हाला पुन्हा घेऊन गेला, अहवाल आला होता, मेलॅनोमा. कातडीच्या कॅन्सरांमधला सगळ्यात वाईट. तो किती खोल उतरलाय त्यावर माणसाचं जगणं-मरणं ठरतं, असं तिने समजावून सांगितलं. आणि डेसचा किती खोल होता ते कुणालाच सांगता येणार नव्हतं, कारण वरचा भाग जळून गेला होता. "आता वाट बघायची," ती म्हणाली. "काखेत, मानेत गाठ येते का ते दर आठवड्याला चाचपायचं."

 परत फाटकाशी आल्यावर लायलने विचारलं, "उद्या कुठली गाय?"

पठारावर बातमी पसरायला टेलिफोनची गरज नसते. लायलने डेसचा कॅन्सर जाळून ठेवला, वेळेवर कळू दिला नाही, असं झालं. तीन गोठ्यांनी त्याला बोलावणं बंद केलं. ज्यांनी वर्षानुवर्षं याच माणसापुढे बाह्या वर केल्या होत्या तेच. गरज सरो, वैद्य मरो. सगळ्यांत मोठ्याने बोलायचा तो आमचा शेजारी हेक्टर. "गाईंचा डॉक्टर माणसांवर हात चालवायला लागला की हेच व्हायचं," दूध संघाच्या आवारात म्हणायचा.

आणि मी? मी दर शुक्रवारी लायलला केक करून देत होते. पहिल्यापेक्षा जास्त लोणी घालून. खरं बोलायची हिंमत नव्हती, मग लोण्याने काय होणार! एकदा डेसला म्हटलं, "आपण सांगायला हवं." तो म्हणाला, "सांगू." दोघांनीही सांगितलं नाही. लायलने एकदाही आडून सुचवलं नाही. एकदा मात्र मी त्याला गोठ्यात गाठलं आणि विचारलं, "तू का अंगावर घेतलंस?" तो गाईच्या पाठीवर हात फिरवत होता. "जरा बाजूला हो," एवढंच म्हणाला, "लाथ मारते ही."

सात महिन्यांनी, न्हाणीघरात डेसची काख चाचपताना माझ्या बोटांना गाठ लागली. वाटाण्याएवढी, टणक.

ब्रिस्बेनला नेलं, कापली, औषधं झाली. डेस परत आला तो निम्मा होऊन. त्याच सुमारास डॉक्टर पर्डीने गावच्या सभागृहात बैठक बोलावली. म्हणाली, आता हे सगळ्यांना सांगायलाच हवं, घरोघरी बोळे चालतात ते थांबायला हवेत. शंभरेक माणसं जमली. बायकांनी केक आणले, पुरुष भिंतीला टेकून उभे. डेस पहिल्या रांगेत, गळ्याभोवती मफलर. डॉक्टरने तो कागद हातात देऊन लायलला बोलायला लावलं.

तो उभा राहिला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. कागद वर धरून म्हणाला, "डेसच्या पाठीवर हा असा होता. असा दिसला की जाळू नका, डॉक्टरला दाखवा. मी जाळला. ती माझी चूक."

"आता सांगतोयस होय?" मागून हेक्टर ओरडला. "डेसकडे बघून सांग की!"

माणसं कुजबुजली. लायलने खरंच डेसकडे बघितलं. आणि डेसने मान खाली घातली. माझ्या नवऱ्याने मान खाली घातली ते मला सहन झालं नाही.

"खोटं बोलतोय तो," मी म्हणाले. बसल्या जागी म्हणाले, मग उठून उभी राहिले. "मी जाळला. माझ्या हाताने. हा नको म्हणाला होता. डॉक्टरकडे जा म्हणाला होता. तो गोठ्यात असताना मी त्याच्या टाकीतून चोरून घेतलं. हेक्टर, आता ओरड ना माझ्यावर."

 लायल एक पाऊल पुढे आला. "ही खरं बोलते," तो म्हणाला. "पण हिला शिकवलं कुणी? तीस वर्षं तुमच्या टेबलांवर बसून मीच दाखवलं ना, की हे बोळ्याने निघतं म्हणून? हिने एक जाळला. मी किती जाळले असतील आणि त्यातले किती असे होते, कुणाला माहीत? चुकून एखादा गेला असेल माझ्या हातून. मला झोप येत नाही, तुम्हाला सांगतो."

आणि तो खाली बसला. मी उभीच. डॉक्टर पर्डी माझ्याजवळ आली, आवाज खाली आणून म्हणाली, "नोरीन, तो डाग शेवटचा तुम्हीच बघितला. कसा होता, तुमच्या शब्दांत सांगाल?"

मी सांगितलं. एका अंगाने फुगलेला, दुसऱ्या अंगाने चपटा. कड सरळ नाही, कुरतडल्यासारखी. मध्ये काळा, बाजूला चहाच्या डागासारखा, एका टोकाला निळसर. मार्चमध्ये शर्टाच्या बटणाएवढा होता, ऑगस्टात दोन बटणांएवढा. खाजायचा. रक्त आलं होतं. त्याच्या बाकीच्या तिळांसारखा तो नव्हता, लायलने सांगायच्या आधीच मला ते दिसलं होतं. बायकोला नवऱ्याची पाठ पाठ असते. "सगळं दिसलं होतं मला," मी म्हणाले. "दिसत असूनच मी बोळा टेकवला."  डेसने हात लांब करून मला ओढलं आणि खाली बसवलं.

तेव्हा मागून एका बाईचा आवाज आला. हेक्टरची बायको, विनी. सभेत कधी न बोललेली. "डॉक्टर, यांच्या पोटरीवर आहे तसा. मागच्या बाजूला. यांना दिसत नाही, मला दिसतो."

"गप बस गं," हेक्टर म्हणाला.

"तूच गप बस," विनी म्हणाली. "वर कर पँट."

त्याने शंभर माणसांदेखत पँट वर केली. डॉक्टरने टॉर्च धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा डाग कापला. तोच निघाला, मेलॅनोमा, पण पातळ, अजून वरवर होता. आणखी काही करावं लागलं नाही.

डेस त्यानंतर चौदा महिने होता. त्याच्या शवपेटीला खांदा द्यायला लायल पुढे होता, हेक्टर त्याच्या मागे.

याला आता अकरा वर्षं झाली. हेक्टर ऐंशीचा आहे, ठणठणीत. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर भेटतो, टोपी काढून म्हणतो, "नोरीन, तुझ्यामुळे उभा आहे मी." मी म्हणते, "असू दे रे." विनी त्याच्या कोटाची कॉलर नीट करते, तो तिला चिडवतो, ती त्याच्या हातावर चापट मारते. मी बघत राहते. त्याचं चांगलं झालं याचा मला आनंद आहे, खोटं नाही सांगत. पण घरी येईपर्यंत मला त्या दोघांचा इतका राग येतो की गाडी फाटकात थांबवून मी थोडा वेळ तशीच बसून राहते.