विरोधात वर गेलेला हात

नाव सांगत नाही त्यांचं, पण आमच्या वॉर्डाचे नगरसेवक म्हटलं की मला त्यांचा उजवा हातच आठवतो. खर्चाचा कोणताही ठराव येवो, तो हात विरोधात वर जायचा. सभागृहातल्या पंख्यालाही त्यांनी विरोध केला होता, आणि मग स्वतःच घाम पुसत, विषयपत्रिकेनं वारा घेत बसायचे.

आमच्या घरासमोरची नाली उघडी होती. मी त्यात दोनदा पडले. दुसऱ्यांदा तर मनगटच मोडलं. म्हणून नालीवर फरशी टाकायचा ठराव आला, त्या दिवशी मी प्लास्टरसकट सभेत जाऊन बसले. त्यांनी मला पाहून अदबीनं नमस्कार केला, आणि त्याच जोडलेल्या हातांतला उजवा वर नेला. ठराव एका मतानं पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हातगाडीवर फरशी घेऊन हेच दारात हजर. स्वतः नालीवर बसवली, वर दोन उड्या मारून पाहिल्या. "जा आता बिनधास्त, मावशी. जनतेचा पैसा वाचला."

मागच्या आठवड्यात आर्वीची एसटी पकडायला निघाले, तर वाटेत त्यांचं घर लागलं. पाहते तर काय, भाऊ चौकट धरून उडी मारून घरात शिरून राह्यले. तेव्हा समजलं, माझ्या नालीवरची फरशी कुठून आली ते.

"भाऊ, दाराले पायरी तं बसवा," मी म्हटलं.

"बायकोनं ठराव मांडला होता, मावशी. एक मत बाजूनं, एक विरोधात."

"मंग?"

"मंग काय, अध्यक्षबी मीच."