सरावाचे पेढे
खव्याच्या पेढ्यांचा वास आला की मला नौबादचा तो प्रशिक्षणाचा हॉल आठवतो. दिव्यांगांना काम मिळवून देणारी माणसं तयार करायची म्हणून सरकारी अनुदान आलं होतं, त्यातून आम्ही शिकत होतो, आणि मुलाखतीचा सराव करायला संतपूरहून एकाला आणलं होतं. मळणी यंत्रात त्याचा उजवा हात कोपरापासून गेलेला. माझी पाळी आली तेव्हा मी अगदी आपुलकीनं विचारलं, "अण्णा, कोणतं काम जमंल?" तो डाव्या हातानं स्वतःचं नाव लिहून दाखवत म्हणाला, "कायबी सांगा, करतो की." मी म्हणालो, "मग काम पक्कं समजा." सरांनी मला सगळ्यात जास्त गुण दिले, म्हणाले, मुलाखत खरी वाटली. शेवटच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून, पेढ्यांचा खोका घेऊन आला. "गावात वाटून आलो. कामावर कवा येऊ?" हा नुसता सराव आहे हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. मी सांगायला उठलो, तर सर कानाशी पुटपुटले, "आधी पेढे फिरू दे." खोका फिरला. मी दोन घेतले. मग सांगितलं. त्यानं रिकाम्या खोक्याचं झाकण एका हातानं नीट लावलं आणि विचारलं, "पर तुमी तर पास झालात न्हवं?" आता त्या हॉलमध्ये मी शिकवतो, आणि सरावाला आणलेल्या माणसाला आधी काही सांगत नाही; सांगितलं तर मुलाखत खरी वाटत नाही.