आवाजाशिवाय लूम

आमच्या गल्लीतले लूमवाले चाचा कशालाही आधी 'नाय'च म्हणतात. कारण मग दाढी खाजवत शोधतात.

वाचनालयातल्या मैत्रिणींनी आणि मी भिवंडीवर गोष्टीचं एक पुस्तक केलं होतं. पानावर मोबाईल धरला की चित्र जिवंत होऊन पुढचं ठिकाण सुचवायचं. तिथे जाऊन शोधलं की गोष्टीचं पुढचं पान हाती लागायचं. शेवटचं पान चाचांच्या यंत्रमागाच्या कारखान्यात ठेवायचं होतं.

"नाय. एकच लूम उरलाय, तो पण सोमवारी भंगारात चाललाय," चाचा म्हणाले. दाढी खाजवून झाल्यावर मात्र किल्ली दिली.

रविवारी पोरं आणि त्यांच्या आया धापा टाकत कारखान्यात शिरल्या. मोबाईलमध्ये रिकाम्या फरशीवर लूम उभा राहिला, धोटा पळू लागला, टाळ्या पडल्या. चाचांनी माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"लूम चलता है और आवाज नहीं? हा कसला लूम?"

ते तरातरा कोपऱ्यातल्या खऱ्या लूमकडे गेले. त्यावर अर्धवट कापड तसंच होतं. त्यांनी बटण दाबलं. खटाखट, खटाखट! फरशी थरथरली, पोरं किंचाळली, बायका कानांवर हात ठेवून हसत सुटल्या. कापड वीतभर पुढे सरकलं.

"ये देखो, तुमचं शेवटचं पान!" चाचा ओरडले.

तेवढ्यात भंगारवाल्याचा फोन आला.

"उद्या येऊ नको! क्या? सुनाई नहीं देता? अरे, लूम चालू हाय माझा!"