अप्पा राहतात कुठे?

मी बदलापूर गाव सोडलं त्या दुपारी टांगा दारात उभा होता आणि अप्पा घोड्याला पाणी पाजत होते. घोडा त्यांचा नव्हता, त्याला तहानही नव्हती, टांगेवाल्यानं तसं सांगितलंसुद्धा. पण माझ्याकडे बघणं टाळायला वडिलांना काहीतरी काम हवं होतं. आईनं पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या आणि लसणाची चटणी कोंबली. शेजारच्या अनसूकाकू ओट्यावर उभ्या राहून अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “मद्रासला चालली माजी पोर! ब्यांकेत! तितं भात तरी मिलंल ना गो?”

कल्याणपर्यंत अप्पा सोबत आले. मद्रासची गाडी हलली तेव्हा खिडकीचा गज धरून म्हणाले, “सुमे, मान वर करून राहा. आपण कुणाचा एक पैसा देणं लागत नाही.” अंबरनाथच्या कारखान्यात इतकी वर्षं सुपरवायझरी करून त्यांनी कमावलेलं हे एकच भांडवल होतं, आणि ते त्यांनी माझ्या हाती ठेवलं.

नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. उल्हासनगरच्या कॉलेजची बी.कॉम. आणि वारेमाप आत्मविश्वास एवढंच घेऊन मी क्रेडिट कार्डाच्या खात्यात चिकटले. सकाळी इडली, दुपारी सांबार-भात, आणि मधल्या वेळात देशभरच्या लोकांचे अर्ज. गाववाल्यांनो, तुमच्यातले जे बाहेर पडले त्यांना हे ठाऊक असेल, जे गावात राहिले त्यांच्यासाठी सांगते. नवीन कार्डावर किती लिमिट द्यायची हे साहेबाच्या मर्जीवर नसायचं, त्याला गुणांचा तक्ता होता. हातात पगार किती येतो, नोकरी किती वर्षांची, कंपनी कुठली, घर स्वतःचं की भाड्याचं, त्या पत्त्यावर किती वर्षं, घरात फोन आहे का, आधी कर्ज घेऊन फेडलंय का. प्रत्येकाला गुण, मग बेरीज, आणि बेरजेप्रमाणे पगाराच्या कितीपट ते ठरायचं. पहिली लिमिट हात आखडूनच द्यायची. सहा-आठ महिने माणूस वेळेवर पैसे भरतो असं दिसलं की वाढवायची.

गंमत अशी, की अप्पांचं ते भांडवल या तक्त्यात कुठेच बसत नव्हतं. ज्यानं जन्मात कर्ज काढलं नाही तो कर्ज फेडतो की बुडवतो हे बँकेला कळणार कसं? त्या रकान्यात शून्य. मला तेव्हा असा राग आला होता म्हणून सांगू!

चार वर्षांनी अप्पांनीच अर्ज केला. कारखान्याच्या गेटवर आमच्याच बँकेचा एजंट फॉर्म वाटत होता. अप्पांच्या रिटायरमेंटला वर्ष उरलं होतं. पगार थांबला की सॅलरी स्लिप थांबणार आणि मग कार्ड कोण देतं? त्यांना आईसाठी फ्रिज घ्यायचा होता, आणि तो कल्याणच्या दुकानात ऑफिसर लोकांसारखी नुसती सही करून. मला त्यांनी मुद्दाम कळवलं नाही. लेकीच्या वशिल्यानं मिळालं असं कुणी म्हणायला नको.

बँकेचा तपासणीवाला आळीत पत्ता विचारून गेला आणि अर्ज परत आला. कारण: दिलेल्या पत्त्यावर राहत नाहीत, शेजारी ओळखत नाहीत.

मग अप्पांचं आंतरदेशीय पत्र आलं, दोन ओळींचं. “सुमे, आम्ही सुखरूप. तुझ्या बँकेच्या मते मी राहतो कुठे, तेवढं विचारून कळव.” मी आधी खो खो हसले आणि मग हॉस्टेलच्या जिन्यात बसून रडले. सव्वीस वर्षं एकाच दारातून एकाच वेळी सायकल काढणाऱ्या माणसाला आम्ही बेपत्ता ठरवलं होतं.

हे काम कुणाचं ते मला त्याच क्षणी कळलं. अनसूकाकू, दुसरं कोण! आपल्याकडे बगलेत फाईल घेतलेला परका माणूस आळीत आला की तो एक तर कोर्टाचा बेलीफ असायचा, नाही तर जमिनीची नोटीस घेऊन आलेला. नाव विचारलं की सगळी आळी एका सुरात म्हणायची, “या नावाचा हितं कोनी नाय.” माणूस सापडला नाही की नोटीस लागू होत नाही, हे आपल्या बायकांना वकिलापेक्षा चांगलं ठाऊक होतं. काकूंनी अप्पांना वाचवलं होतं हो, अगदी मनापासून!

नाकारलेले अर्ज मी काढून बघितले. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर, सगळ्यांवर तोच शेरा. उल्हासनगरातला एक सिंधी दुकानदार तर शेजाऱ्याबद्दल म्हणाला होता, “साईं, मैं तो खुद कल ही आया हूं.” आमचे साहेब शेषाद्री सर हे तिन्ही पिनकोड बंदच करायच्या बेतात होते. एकदा बंद झाले की पगार कितीही असो, लिमिट शून्य. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सरळ त्यांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले.

“सर, यात माझ्या वडिलांची फाईल आहे. तिला मी हात लावणार नाही, ती दुसऱ्या कुणाला द्या. पण तुमचा प्रश्न चुकतोय. आमच्याकडे ‘अमुक इथे राहतात का’ असं विचारायचंच नसतं. निरोप ठेवायचा असतो. जो निरोप घेतो तो ओळखतो, आणि ज्याच्यापर्यंत पोचतो तो राहतो.”

शेषाद्री सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, “करून दाखव. नाही जमलं तर पिनकोड बंद.”

आम्ही अकरा अर्ज निवडले. तपासणीवाला तोच, एकटाच जाणार. मी मद्रासहून बँकेच्या कल्याणच्या ऑफिसात येऊन बसायचं, गावाकडे फिरकायचं नाही. घर हाकेच्या अंतरावर आणि मी तिथे नखं खात बसलेली! निरोप एकच: उद्या दुपारच्या आत कल्याणच्या ऑफिसला फोन करा, नाही तर येऊन भेटा.

संध्याकाळी तपासणीवाला परतला, डोकं धरूनच बसला. म्हणाला, “मॅडम, ती म्हातारी आजही म्हणाली, या नावाचा हितं कोनी नाय.” मी यादीवर काट मारायला पेन उचललं. “मग मी वळलो, तर मागून ओरडली, ‘पन निरोप काय हाय?’”

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पहिला फोन खणखणला, कारखान्यातून. मीच उचलला. पलीकडून घसा खाकरला आणि एक आवाज एकेक शब्द ठासून म्हणाला, “मी बदलापूर गावात राहतो, बरं का!” अप्पांना पत्ताही नव्हता की पलीकडे मी आहे. मी नुसतं “नोंद केली, सर” म्हटलं आणि फोन ठेवला.

दुपारपर्यंत अकराच्या अकरा! अंबरनाथच्या शिवमंदिराजवळचा फुलवाला अर्जदार भाच्याला घेऊन धावत आला. ‘कल ही आया हूं’ म्हणणारा साईं तर शेजाऱ्याला स्वतःच्या स्कूटरवर मागे बसवून घेऊन आला आणि वर आम्हालाच चहा पाजून गेला. पिनकोड उघडे राहिले, आणि आमच्या तपासणीच्या कागदावर ‘निरोप पोचला का’ असा नवा रकाना छापून आला. तो रकाना माझा आहे, हे मी आजही कॉलर ताठ करून सांगते.

अप्पांची फाईल दुसऱ्यानं केली. कर्जाच्या रकान्यात शून्यच राहिलं, पण नोकरीची वर्षं आणि स्वतःचं घर यांनी भरपाई केली. लिमिट पंचवीस हजार, त्यांच्या पगाराला पहिल्या खेपेस तक्त्यात बसणारी सगळ्यात वरची. कल्याणच्या दुकानात त्यांनी अशी लफ्फेदार सही केली की दुकानदारानं कार्डामागची सही दोनदा ताडून पाहिली. फ्रिज उतरवायला सगळी आळी लोटली. काकूंना खरा प्रकार कळला तेव्हा त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, “अगो बाय माजे! वाचवाया गेले नि त्याचाच घात क्येला!” आणि पहिला बर्फ त्यांनीच खाल्ला.

पुढे मी स्वतःच्या कार्डाचा अर्ज भरला. सध्याचा पत्ता मद्रास, सहा वर्षं. कायमचा पत्ता बदलापूर गाव. तपासणी दोन्हीकडे झाली आणि गावाकडचा कागद शेषाद्री सरांनी हसत हसत माझ्यापुढे सरकवला. लिमिट त्यांनी नियमानं मद्रासच्या पत्त्याची सहाच वर्षं धरून ठरवली, आणि ते बरोबरच होतं. कागद मात्र मी मागून घेतला. ज्यांना कधीमधी वाटतं की आता आपलं तिकडे काय उरलंय, त्यांच्यासाठी तो इथे जसाच्या तसा उतरवते.

अर्जदार पत्त्यावर राहतात का? शेजारीण म्हणाली, राहते.

कधीपासून? जन्मापासून.

आत्ता घरी आहेत का? नाय. जराशी भायेर गेलेय, येल. निरोप काय हाय?