दर्याला घातलेलं गाऱ्हाणं

समुद्राला तोंडावर शिव्या घालून रात्री त्याच्याच उशाशी घोरत पडणारा माणूस उभ्या कोकणात एकच, आणि तो नेमका आमच्या हिचा मामा निघावा, हे माझं नशीब! मालवणच्या खाली वाळूच्या पट्टीवर त्यांचं घर. दाराशी माडांच्या दोन रांगा होत्या. पुढची रांग समुद्रानं गिळली, तेव्हापासून मामा रोज सकाळी कपबशी घेऊन पाण्यापर्यंत जातात आणि त्याला फैलावर घेतात. "भिकारड्या, पोट भरला काय रे तुझा? नाय? मगे आज काय माझी न्हाणी खातलंस?" मग शांतपणे चहा संपवून परत येतात.

मध्ये एक साहेब आले. वाडीला जमवून सांगू लागले, की हवेत कार्बन डायऑक्साइड वाढलाय, पृथ्वी तापलीय, म्हणून पाणी चढतंय. मामांनी ऐकून घेतलं नि विचारलं, "धूर सोडणारे खंयचे?" साहेब म्हणाले, सगळं जगच. "मगे माड माझेच कित्याक?" साहेबांनी कागद गुंडाळले. त्या दिवसापासून मामांनी धुराशी उभा दावा मांडला. माझी गाडी अंगणात सुरू करायची नाही! पोटात सोलकढी डुचमळत असताना मी ती रस्त्यापर्यंत ढकलायची आणि मामांनी मागून ओरडायचं, "जोर काढा, जावयबापू!" एकदा धापा टाकत मी म्हटलं, "आणि तुमच्या चुलीचा धूर?" "त्या धुरान भाकरी भाजता. तुमच्या धुरान दुनया भाजता!" घ्या!

मामांचा मुलगा गुणी. विहिरीला खारं पाणी लागलं तसं त्यानं समुद्रापासून लांब, आत कट्टा गावाला घर बांधलं आणि जाहीर केलं, नारळी पौर्णिमा झाली की आईबाबांना उचलून नेणार. मामी गप्प. मामा त्याहून गप्प. तेव्हाच आम्ही ओळखायला हवं होतं.

वाडीच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालायचा मान मामांचा. पौर्णिमेला नारळ घेऊन ते लाटेत उभे राहिले, मागे सगळी वाडी. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. इतकी सवय, की ऐकतो कोण!

"बा दर्यादेवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"होड्यांका सांभाळ, जाळ्यात मासळी दी..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्यापुढे माझ्या माडांका हात लावलंस, तर गाठ माझ्याशी आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि जो कोण माका नि म्हातारेक कट्ट्याक व्हरूक बघता, तेका बुद्धी दी, आमका हयच रवांदे..."

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज मुलाचा. शब्द तोंडातून गेल्यावर बिचाऱ्यानं जीभ चावली. पण देवापुढे दिलेला होकार मोडायची छाती कुणाची? मी तर मनातल्या मनात टाळ्या पिटल्या. शाबास मामा!

लोक पांगले तरी मामा पाण्यातच. घरी न्यावं म्हणून मी मागून गेलो. ते वाकून नारळ पाण्यावर सोडत होते आणि कधी नव्हे त्या हळू आवाजात समुद्राला सांगत होते, "मगाशी लोकांसमोर बोललंय, ता मनात धरू नको. येवचाच आसात तर ये. पण सावकाश ये रे बाबा. म्हातारेचे गुडघे दुखतत, तिका धावूक जमाचा नाय."