न विसरणारे स्फटिक

नीळकंठ माणूस सरळ, पण गोपीनाथकाकांशी त्याचं एका गोष्टीवरून कायम वाजायचं. भोपाळच्या सरकारी कारखान्यात दोघं स्फटिक वाढवायचे. कोमट द्रावणात बीज टांगायचं आणि महिनाभर त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. समोर थर्मामीटर असताना काका डाव्या हाताचं बोट द्रावणात बुडवायचे. डावखुरे ना! अंघोळीचं पाणी बघावं तसं बघायचे. नीळकंठ चिडायचा, काका हसायचे, आणि अंश मात्र बिनचूक सांगायचे.

असा स्फटिक तापवला की आपली विजेची दिशा विसरतो. निवल्यावर कुठे वळेल त्याचा नेम नाही. काकांचे विसरत नसत. कितीही तापवा, निवले की विजेच्या मीटरचा काटा उजवीकडेच. मोठी वाहवा व्हायची. पुढे सुचेताबाई प्रयोगशाळेच्या प्रमुख म्हणून आल्या आणि त्यांनी शोधून काढलं, की घामात अ‍ॅलॅनिन नावाचं द्रव्य असतं. ते नखभर जरी स्फटिकात शिरलं तरी त्याची दिशा पक्की होऊन बसते. घामाची भेसळ नको म्हणून काकांच्या हातात रबरी मोजे आले. बिचारे फार खट्टू झाले आणि त्याच हिवाळ्यात वारले.

मग शुद्ध स्फटिकांची मागणी आली, चांगले विसरणारे हवे होते. पहिली खेप तपासली तर काटा उजवीकडे. नीळकंठने भांडी बदलली, पूड नवी आणली, मोजे क्षणभर काढले नाहीत. दुसरी खेप, तिसरी खेप, काटा उजवीकडेच. वरून निरोप आला की चौथी बिघडली तर काम बंद आणि नीळकंठची बदली रंगखात्यात. दम्याच्या माणसाला रंगाचा फवारा! त्याची बायको विजया रडकुंडीला आली. त्यालाही धडकी भरली होती, रंगखात्याची होतीच, पण त्याहून जास्त त्या काट्याची.

चौथ्या खेपेला बाई स्वतः येऊन बसू लागल्या. दाराला कुलूप, किल्ली त्यांच्याकडे. एका दुपारी वहीत लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, किती आहे?

नीळकंठ भांड्यापाशी उभा होता. "साडेएकेचाळीस," तो म्हणाला.

बाईंनी आकडा लिहिला आणि त्यांचा हात थांबला. थर्मामीटर त्यांच्याच टेबलावर होता. तपासायला म्हणून सकाळीच त्यांनी तो काढून घेतला होता.

"नीळकंठराव, तुमचा हात," त्या हळूच म्हणाल्या.

त्याने खाली पाहिलं. डावा मोजा नीट घडी करून बाजूला ठेवलेला होता. डाव्या हाताचं बोट दुसऱ्या पेरापर्यंत द्रावणात होतं. जन्मात त्याने त्या हाताने साधा चमचा धरला नव्हता. बोट आपणहून वर येईना. शेवटी उजव्या हाताने मनगट धरून त्याने ते ओढून काढलं.

"बाई, मला रंगखात्यात पाठवा," तो म्हणाला. "आजच पाठवा."