आधी नक्कल, मग दर्शन

तारमास्तरांपुढे बिघडलेला कॉम्प्युटर ठेवला की ते आधी बघत नसत, ऐकत. वीतभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक हार्ड डिस्कच्या पाठीवर टेकवायचं, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. या प्रकाराला रत्नागिरीतले पुष्कळ लोक हसले आहेत. मीही हसले होते, आणि माझं हसणं चार दुकानांपलीकडे ऐकू जातं. मास्तरांनी डोळे न उघडता नुसता हात वर केला आणि मी गप्प झाले. मला असं गप्प करणारी माणसं आयुष्यात फार भेटली नाहीत.

तारमास्तर हे काही त्यांचं नाव नव्हे. उभी नोकरी टेलिफोनच्या खात्यात, खांबावर चढून लायनी जोडण्यात गेली, म्हणून लोकांनी दिलेली पदवी. निवृत्त झाल्यावर मस्कतला असलेल्या मुलाने त्यांना एक कॉम्प्युटर घेऊन दिला. तो त्यांनी आठवडाभरात पूर्ण सुटा करून परत जोडला, आणि मग गावात ज्याचं मशीन अडेल त्याच्याकडे जायला लागले. राहायला भाट्याच्या पुलापलीकडे, पावस गावच्या रस्त्याला. घरात ते आणि काकू दोघंच, परसात चार हापूस आणि दोन रातांब्याची, म्हणजे कोकमाची, झाडं.

माझं राम आळीत टायपिंगचं दुकान होतं. मराठी अर्ज, लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका असलं सगळं मी करायचे. अठ्ठ्याण्णव साली गणपतीच्या आधी एका सकाळी मशीन लावलं तर काळ्या पडद्यावर अक्षरं उमटली, डिस्क सापडत नाही. आत एका शाळेची अख्खी स्मरणिका होती, छापायला जायची होती चार दिवसांत. कोल्हापूरच्या इंजिनिअरने फोनवरूनच डिस्कचं तेरावं घालून टाकलं. मी डोक्याला हात लावून बसले होते आणि नेमके त्याच वेळी हे गृहस्थ अर्ज टाइप करून घ्यायला आले. मी म्हटलं, आज दुकान बंद समजा. त्यांनी कारण विचारलं, मग मशीनकडे बघून म्हणाले, टेबल हलवलं होतंत काय? हलवलं होतं. गणपतीची झाडलोट म्हणून मागची जळमटं काढायला मीच ते ओढलं होतं. त्यांनी डबा उघडला, डिस्कला जोडणारी पट्टीसारखी चपटी तार चार वेळा काढून परत घट्ट बसवली, आणि स्मरणिका जिथल्या तिथे.

"खारी हवा आपली. पितळ काळं पडतं, तार सैल होते," ते म्हणाले. "आधी तार बघायची, मग नशिबाला बोल लावायचा."

त्यांचा दुसरा नियम मला पावसला कळला. तिथल्या एका बागायतदाराची डिस्क ऐन मे महिन्यात दिसेनाशी झाली. मास्तर मलाही घेऊन गेले, कारण नक्कल काढायला माझी डिस्क लागणार होती. खोलीचं दार उघडलं तर आंब्याचा घमघमाट. घरातली ही एकच बंद, सावलीची खोली, म्हणून कॉम्प्युटर तिथेच आणि आंब्यांची आढीही तिथेच. गवतात आंबे पिकत घातलेले, त्याची ऊब आणि दमट वाफ सगळी मशीनमध्ये. असला पराक्रम आमच्या मुलखाबाहेर कोण करणार! मास्तरांनी जागा बदलली, पिना पुसल्या, आणि डिस्क दिसली. बागायतदारांनी लगेच माऊसवर झडप घातली, गिऱ्हाइकांचे पत्ते आहेत का ते बघायला. मास्तरांनी त्यांच्या हातावर चक्क चापटी मारली. म्हणाले, "धावू नका. आधी नक्कल, मग दर्शन. ही परत दिसेल असा शब्द तिने दिलेला नाही." पत्ते माझ्या डिस्कवर उतरले तेव्हा कुठे त्यांनी माणसाला त्याच्याच खुर्चीत बसू दिलं.

तिसरा नियम पावसाळ्याचा. कोकणात जूनच्या आत लाकडं झाकतात, भिंती झाकतात, तसे लोक कॉम्प्युटरलाही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचे. मास्तर त्यावर चिडायचे. पाऊस असो नसो, मशीन रोज अर्धा तास चालू ठेवा, स्वतःच्या उबेने ते आपोआप कोरडं राहतं, गुंडाळलंत तर आत बुरशी येईल आणि डिस्क जागच्या जागी धरेल, फिरायचीच नाही. हे भाषण मी इतक्यांदा ऐकलं की गिऱ्हाइकांना मीच म्हणून दाखवायचे, त्यांच्या आवाजात. तेव्हा ते हसायचे.

पाहता पाहता ते रोजचेच झाले. अकराच्या एसटीने यायचे, चहा प्यायचे, कुणाचं काही अडलं असेल तर बघायचे आणि साडेबाराला परत. आळीतल्या बायकांना विषय मिळाला. मी म्हटलं, मिळू दे, त्यांचाही वेळ जातो. खरं सांगायचं तर चाळिशी उलटलेली मी, आई-वडील गेलेले, लग्न राहून गेलेलं. दिवसभरात गिऱ्हाईक सोडून बोलायला तेवढंच एक माणूस होतं. रविवारी दुकान बंद असायचं आणि मला तो दिवस खायला उठायचा.

काकूंना मी दोन-तीनदाच भेटले. ठेंगणी, लगबगीची बाई, एका जागी बसायची नाही. पण त्यांचा डबा मास्तरांबरोबर यायचा, कधी फणसाची भाजी, कधी ओल्या काजूची उसळ. मुलाला त्यांचा आवाज ऐकवावा म्हणून मास्तरांनी एकदा माईक आणला आणि त्यांना कॉम्प्युटरपुढे बसवून बोलायला लावलं. ती फाईल मस्कतला पाठवायला मास्तर तीनदा डिस्कच खोलून घेऊन माझ्या दुकानात आले, पण इथली इंटरनेटची लाईन अर्ध्यात तुटायची. फाईल फ्लॉपीत मावत नव्हती. पुढे बघू, म्हणून ती त्यांच्या घरच्या डिस्कवरच राहिली.

दोन हजार दोन सालच्या वैशाखात काकू गेल्या. तापाचं निमित्त झालं, आठ दिवसांत खेळ आटोपला. मी भेटायला गेले तेव्हा मास्तर ओटीवर बसलेले होते.  नंतर चार महिने अकराची एसटी येत राहिली आणि मी उगाच दाराकडे बघत राहिले. दोनदा फोन केला. बरं आहे, म्हणाले, आणि ठेवला.

नवरात्राच्या सुमारास एक रिक्षा दुकानापुढे थांबली. मास्तर उतरले. हातात त्यांचा कॉम्प्युटर, प्लॅस्टिकात गुंडाळलेला, वरून सुंभाने बांधलेला. माझ्या टेबलावर ठेवून ते समोर गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीत ते पूर्वी कधी बसले नव्हते.

"काय गो शुभा, हिच्या आवाजाची डिस्क दिसत नाही," ते म्हणाले. "तू बघ. माझा हात चालत नाही."

काय झालं असेल ते मला कुणी वेगळं सांगायला नको होतं. सगळ्या गावाला पावसाळ्यात मशीन चालू ठेवा म्हणून सांगणाऱ्या माणसाने स्वतःचं मशीन जूनपासून बांधून ठेवलं होतं. लावलं की काकूंचा आवाज आत आहे हे आठवायचं, म्हणून लावलंच नाही. काकूंचे फोटो होते घरात, पण आवाज दुसरा कुठेच नव्हता. ना कॅसेटवर, ना कशावर. मी त्यांना बोलणार होते, फटकळ तोंड माझं, पण त्यांचा चेहरा बघून सुंभ सोडायला घेतला.

त्यांच्याच पद्धतीने एकेक केलं. तार काढली, पुसली, बसवली. विजेची पिन बदलली. माझी चांगली तार लावून बघितली. डिस्क दिसेना. मग त्यांचा स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा कानामागे लावून डोळे मिटले. आत काही फिरत नव्हतं. डिस्क धरली होती. यावर त्यांचाच एक शेवटचा उपाय होता, डिस्क तळहातावर घेऊन मनगटाला हलकासा हिसका द्यायचा, नारळात पाणी आहे का बघतो तसा. मी म्हटलं, मास्तर, हे तुम्ही करा. त्यांनी मान हलवली. मग मीच केलं आणि परत लावलं.

डिस्क फिरली. काळ्या पडद्यावर तिचं नाव उमटलं. मास्तर खुर्चीतून उठले, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. नकलेसाठी माझी डिस्क मी आधीच जोडून ठेवली होती, एक बटण दाबायचं बाकी होतं.

"एकदाच," ते म्हणाले. "आधी ऐकू दे."

मी नको म्हणायला हवं होतं. बागायतदाराच्या हातावर त्यांनी मारली तशी चापटी मारायला हवी होती. बाकी जगाला तोडून बोलणारी मी, नेमकी तेव्हा मऊ झाले. फाईल लावली. पाऊण मिनिटाची होती. मास्तर दोन्ही हात टेबलावर टेकून वाकून ऐकत होते. संपली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी न विचारता परत लावली. तिसऱ्यांदा लावली तेव्हा मधेच आवाज अडखळला आणि डिस्कमधून टिक्-टिक् सुरू झालं. पडदा निळा पडला. मी बंद करून पुन्हा लावलं, हिसका दिला, तार बदलली. ती परत दिसली नाही. चूक माझी होती, आजही मी तसंच म्हणते.

मास्तरांनी तारेच्या टोकावरून अंगठा फिरवला. मग त्यांनी विचारलं, "तार ठीक होती ना?"

"होती."

"मग झालं."

मुंबईला एका ठिकाणी विचारलं होतं. डिस्क उघडावी लागेल, खात्री नाही, म्हणाले. मास्तर तयार झाले नाहीत. पुढे ते येत राहिले, पण आठवड्याने, पंधरवड्याने. चहा प्यायचे, मशीन बघायचे नाहीत. मुलगा त्यांना मस्कतला घेऊन गेला होता, तिथून दोन महिन्यांत परत आले. तिकडे खिडकी उघडत नाहीत, एवढंच सांगितलं. दोन हजार सहाच्या पौषात ते झोपेतच गेले. मुलगा दिवसांना आला होता. त्याने स्क्रू-ड्रायव्हर आणि ती डिस्क मला आणून दिली, आणि दारात घुटमळत विचारलं, आई त्यात काय म्हणाली होती? मी त्याला शब्दन् शब्द म्हणून दाखवलं. तो पायरीवर बसून राहिला.

डिस्क माझ्या कपाटात आहे. पावसाळ्यात मी ती प्लॅस्टिकात गुंडाळत नाही. अकराची एसटी अजून येते, रविवार अजून अंगावर येतो. परवा भांडी घासताना काकूंचं बोलणं मनात म्हणत होते आणि एका जागी अडले. कोकमं म्हणाल्या होत्या की आमसुलं? दहा मिनिटं आठवेना.  हे ऐकलेली माणसं दोन होती, त्यातलं एक गेलं. दुसरीचं आता वय झालं आहे, आणि तिची नक्कल कुणी काढलेली नाही. मग आठवलं तशी हात पुसून लिहायला बसले. हे असं होतं:

"अहो, लागलं का हे? बोलू? बाळा, इकडे सगळं बरं आहे. तुझे बाबा समोर बसून मला खुणा करतायत, हळू बोल म्हणून. मी काय ओरडत्ये का? तू जेवून घेत जा वेळेवर. कोकमं वाळत घातल्येत अंगणात, ती बघायला जायचंय मला. काय? अजून बोलू? काय बोलू आणखी? तुम्हीच बोला ना काहीतरी. बोलत नाहीत बघ. अहो, हे बंद कसं करायचं?"